कपावर ठेवलेला हात

हसणार न्हाई असं आधी कबूल करा, मग सांगतो. अवो, चहा पिऊन नडलेली माणसं तुमी लई बघितली असतील. मी न पिऊन माती खाल्ली!

त्या दुष्काळाच्या साली मी आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभा होतो. संचालक व्हायचंच, असं डोक्यात बसलेलं. आन् नेमकी तवाच मला शुगर निघाली! साखर कारखान्याचा उमेदवार आन् त्यालाच शुगर? विरोधकांच्या हातात आयतं कोलीतच की. बायकोला शपथ घातली, कुणापाशी बोलायचं न्हाई.

पाटोद्याच्या डॉक्टरांनी मला पुण्याच्या एका मॅडमशी जोडून दिलं. त्यांचं संशोधन चाललं होतं. जन्मभराचं दुखणं लागलं की माणसाच्या मनाचं काय होतं, आन् लांबून, फोनवर त्याला धीर देता येतो का, असं. दर सोमवारी त्यांचा फोन. वस्तीवर रेंज न्हाई, म्हणून मी चारा छावणीमागच्या टेकाडावर जाऊन बोलायचो. रेंज अशी, की बोंबलल्याशिवाय पुण्याला ऐकू जायचं न्हाई.

मॅडम म्हणाल्या, "काका, चहाला नाही म्हणायला शिका. कपावर हात ठेवायचा, हसायचं आणि म्हणायचं, नको, मी ठरवलंय. कारण देत बसायचं नाही."

काय झकास युक्ती! आरशासमोर उभा राहून घोटून घेतली.

दुसऱ्याच दिवशी प्रचाराला बप्पांच्या दारात गेलतो. बप्पा म्हंजे आमच्या भागातलं वजनदार माणूस. ते म्हणतील तिकडं अख्ख्या वस्तीचं मत. त्यांच्या घरच्या काकूंनी चहा आणला. मी कपावर हात ठेवला, हसलो. "नको, मी ठरवलंय."

बैठकीतल्या माणसांनी आपापले कप खाली ठेवले! आमच्याकडं दारात आलेला माणूस चहा नको म्हणाला, म्हंजे संबंध तुटला की न्हाई? बप्पा हळूच म्हणाले, "कावून? टँकरच्या पाण्याचा हाय म्हनून?"

कारण द्यायचं न्हाई, हे तर पक्कं पाठ! मी नुसता हसलो. बप्पा उठून आत गेले.

मी पुढच्या गावात पोचायच्या आत बातमी पोचलेली. आधी म्हणे मी टँकरच्या पाण्याचा चहा पीत न्हाई. दिवस कलेपर्यंत मी बाटलीच्या पाण्यानं आंघोळ करतो, इथवर गेलं! कुणी बस म्हणंना. प्रचार बघणारा माझा मेव्हणा डोक्याला हात लावून बसला.

घाबरून मॅडमला फोन लावला. त्या खूश! "छान जमलं की काका! आता लपवू नका, खरं सांगून टाका."

पळत सुटलो. भरल्या बैठकीत बप्पांपुढं ओरडलो, "बप्पा, मला शुगर हाय!"

कुणी दचकलंच न्हाई.

"ते ठावं हाय की," बप्पा म्हणाले. "दर सोमवारी टेकाडावरून तुमीच बोंबलता, सारी छावणी ऐकती. म्हनून तर हिनं तुमच्यासाठी येगळा, बिनसाखरेचा केलता. आन् मी कारण विचारलं, तर तुमी दात काढले."

तोंड कुठं लपवू असं झालं मला. पण खरं सांगू, मनावरचं ओझंबी उतरलं. म्हणालो, "काकू, चुकलं माझं. आता द्या तो चहा."

काकूंनी कप पुढं केला. बप्पांनी त्याच्यावर हात ठेवला, हसले आन् म्हणाले, "नको. आमी ठरवलंय."

बैठक खो खो हसली. मीबी हसलो. ते चहाचं न्हाई, मताचं बोलत होते, हे मला मोजणीच्या दिवशी कळलं!