बिनखड्याचा बांध

आधी वंदन मातीला. मागोमाग वंदन त्या हातांना, ज्यांनी साठ वर्षे मातीशी बोलणे केले आणि मातीने ज्यांना एकदाही खोटे उत्तर दिले नाही. ते हात रावजी भोये यांचे. थोरांच्या कथा सांगायला थोर बसले आहेत, मायबाप. आपण आज एका बांध घालणाऱ्याची कथा ऐकू.

नाशिकहून पेठकडे जाताना घाट लागण्यापूर्वी उजव्या अंगाला उंबरमाळ नावाचा पाडा आहे. घरे नऊ. पावसाळ्यात भात आणि नागली, भात झोडून झाला की निफाडच्या द्राक्षबागा, आणि उन्हाळ्यात पुन्हा आपले रान. रावजींचे आयुष्य या फेऱ्यातच सरले. पण पाड्यात कुणाचाही बांध खचला की बोलावणे रावजींनाच येई. ते येत, पायातल्या वहाणा काढत, अनवाणी बांधावरून एकदा जाऊन एकदा परत येत, आणि सांगत, "हितं पोकळ हाय. हितून उचका." लोक उकरत, आणि तिथेच घुशीचे बीळ सापडे. विद्या कशाला म्हणावी? पोथीत असते तीही विद्या, आणि तळपायात असते तीही विद्याच.

तीन वर्षांपूर्वी पाड्यासमोरच्या सरकारी माळावर यंत्रे आली. तिथे नेमबाजीचे राष्ट्रीय केंद्र व्हायचे होते. देशभरातली मुले-मुली येणार, राहणार, शिकणार, स्पर्धा खेळणार. रायफलीसाठी पन्नास मीटरची उघडी रेंज, पिस्तुलासाठी वेगळी, वरती वसतिगृह. पाड्यातल्या लोकांना त्यातले कळले ते इतकेच, की यंदा निफाडला जायला नको, काम दारात आले आहे.

रेंजच्या टोकाला, टार्गेटांच्या मागे, गोळ्या झेलणारा मातीचा मोठा बांध घालायचा होता. त्या बांधाच्या पाठीमागून पाड्याची वाट जाते. वाट झऱ्याची. नऊ घरांचे पाणी त्याच वाटेने डोक्यावरून येते, आणि त्यात सर्वांत पुढे असतात रावजींच्या पत्नी फुलाबाई. नकाशा करणाऱ्यांनी ती वाट मोडली नाही, हे त्यांचे उपकार. पण अट घातली. बांध हवा तितका उंच हवा, आणि टार्गेटांकडची त्याची कूस दोन हात आतपर्यंत निव्वळ चाळलेल्या मातीची हवी. खडासुद्धा नको. कारण गोळी मातीत शिरली तर मातीची होते. गोळी दगडावर आपटली तर ती कुणाची होईल, कुठे जाईल, हे सांगता येत नाही.

ही अट रावजींना कुणीतरी एकदाच वाचून दाखवली. त्यांनी ती तेवढ्यात उचलली. "म्हंजे बांधामागं फुला चालते, असं समजून माती टाकायची," ते म्हणाले. साऱ्या नकाशाचा अर्थ त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला.

दिवाळीनंतर काम सुरू झाले. उभ्या चाळणीवर माती पडायची, खडे पलीकडे, बारीक माती अलीकडे. तरी रावजी प्रत्येक पाटी ओतण्याआधी हात घालून पाहत. केरू नावाचा त्यांचा जोडीदार थट्टा करी, "रावजीदादा, माती हाय ती. तांदूळ निवडल्यावानी काय निवडता?"

"तांदळातला खडा दाताखाली येतो, केरू. ह्यातला खडा कुणाच्या डोक्यात जाईल."

पौषात अर्धा बांध उभा राहिला. उजवीकडचा अर्धा. माघात रावजी भाचीच्या लग्नासाठी सुरगाण्याकडे तीन दिवस गेले. परत आले तेव्हा डावीकडचा अर्धाही उभा होता.

तीन दिवसांत? ज्या कामाला दोन महिने लागले, तेच काम तीन दिवसांत? रावजींनी वहाणा काढल्या. उजव्या टोकाकडून अनवाणी निघाले. मध्यावर आले आणि थांबले. पाय खाली टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग उतरून त्यांनी डाव्या कुशीत बोटे खुपसली. वर चार बोटे चाळलेली माती होती. खाली खाणीचा मुरूम, आणि मुरमात मुठीएवढाले दगड.

ठेकेदार चंदरशेठ सावलीत खुर्ची टाकून बसले होते. रावजी त्यातला एक दगड घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले.

"शेठ, ह्यो डाव्या अंगात मिळाला."

"मग फेकून दे."

"किती फेकू? सगळाच भरलाय."

"रावजी, निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. देशातून पोरं यायचीत. तुझ्या चाळणीने चाललो असतो तर तुझी नातवंडं गोळ्या मारायला आली असती. आणि हा काय भाताचा बांध आहे? वरून माती दिसते ना? झालं."

"गोळीला वरचं दिसत नाय, शेठ. ती आत जाते."

मजूर हसले. चंदरशेठ हसले नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

रावजींनी दगड त्यांच्या खुर्चीच्या पायाशी ठेवला. हळूच ठेवला, आपटला नाही. "कामाला नाय येणार. पण बांधावर रोज येईन. पलीकडची वाट माझ्या घरची हाय. ती बंद करायला तुमच्याकडं कागद असंल तर दाखवा."

कागद नव्हता. आणि रावजी रोज आले. सकाळी यायचे, डाव्या अंगाच्या माथ्यावर बसायचे, दुपारी भाकरी तिथेच खायचे. कुणी हाकलले की उतरून मागच्या वाटेवर बसायचे, तो निघून गेला की पुन्हा वर. भक्त देवाच्या दारात बसतो तसा हा माणूस मातीच्या दारात बसला होता, आणि मागणे एकच: आतले दगड काढा.

"तुमचं बूड बांधाला चिकटलंय," घरी फुलाबाई म्हणत. "मी म्हणते, गोळी आलीच तर येऊ द्या. फकस्त हंड्याला लागू नये, नवाच घेतलाय."

"फुला, मस्करी करू नको."

"मग काय रडू? अवं, त्या वाटेनं माझी सासू गेली, मी जाते, सुना जातील. त्यांनी दगड घातले म्हणून मी वाट बदलायची? बसा तुम्ही. मी भाकरी पोचवते." मग जरा थांबून, "ठेचा जास्त देऊ का? शेठला पण द्या जरा."

फाल्गुनात तपासणीसाठी अधिकारी आल्या. नाव वेदिका, वय तिशीच्या आत, स्वतः राष्ट्रीय स्पर्धांत रायफल खेळलेल्या. त्यांनी भिंती पाहिल्या, गोळी अडवणारे पडदे पाहिले, आणि बांधाशी येऊन वर पाहिले. वर रावजी.

"बाबा, तुम्ही कोण?"

"बांध घालणारा, ताई. उजवा बांध माझा. डावा ह्यांचा. डाव्यात दगड हायेत."

"कामावरून काढलाय त्याला, मॅडम," चंदरशेठ पुढे झाले. "राग आहे त्याचा. तुम्ही असं करा, तपासणी इकडून, उजवीकडूनच सुरू करा. त्याचंच काम आहे. बघू तरी किती चोख आहे."

रावजी हसले. त्या हसण्यात अभिमान होता, आणि का नसावा? वेदिकांनी लांब सळई मागवली. गड्याने ती उजव्या कुशीत खुपसली. सुरीसारखी आत गेली. दुसऱ्या ठिकाणी गेली. तिसऱ्या ठिकाणी गेली. चौथ्या ठिकाणी, बांधाच्या बरोबर पायथ्याशी, हातभर आत, सळई टणकन वाजली.

मग चंदरशेठ मोठ्याने हसले. "घ्या! खडा चालत नाही म्हणे! दुसऱ्याच्या घराला कडी लावायला निघालेत, आणि स्वतःच्या घरात चोर!"

मायबाप, त्या क्षणी रावजींचा चेहरा पाहणाऱ्यांनी सांगितले, की उन्हात उभ्या माणसाचा रंग इतका उतरलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. कारण सळई कशावर वाजली, हे त्यांना एकट्यालाच कळले होते. तो देव होता.

भोये घराण्याची रीत अशी, की नवा बांध घालताना पहिली पाटी ओतण्याआधी पायथ्याशी शेंदूर लावलेला एक दगड ठेवायचा. तो बांधाचा राखणदार. रावजींच्या वडिलांनी ठेवला, आजोबांनी ठेवला. दिवाळीनंतर कामाच्या पहिल्या सकाळी रावजींनीही ठेवला. कुणाला विचारून नव्हे, विचार करून नव्हे. हात श्वासासारखा चालला. पुढे दोन महिने त्यांनी हरभऱ्याएवढा खडा वेचून फेकला, आणि त्याच हातांनी ठेवलेला नारळाएवढा दगड त्यांना दगड म्हणून एकदाही आठवला नाही. कसा आठवावा? त्यांच्या लेखी तो दगड नव्हताच! भाताच्या बांधात जो राखतो तोच गोळीच्या बांधात मारतो, ही गोष्ट त्यांच्या हातांना कुणी शिकवली नव्हती. निष्ठेने केलेली चूक होती ती. पण चूकच होती.

"बाबा, काय आहे तिथे?" वेदिकांनी विचारले.

रावजींना गप्प राहता आले असते. चाळणीतून चुकून राहिलेला एक खडा म्हणून सोडून देता आले असते. ते बांधावरून उतरले. "माझा देव हाय, ताई. मी ठेवलाय. मीच काढतो."

केरूने त्यांचा दंड धरला. "दादा, येडे झाले का? बसवलेला राखणदार उपसत नाय कुणी. बांध फुटंल. घरावर येईल."

"बांधामागं फुला चालते, केरू."

"आन् देव कोपला तर?"

"कोपू दे माझ्यावर. पर ज्या देवाला फुलाच्या डोक्यापरीस आपली जागा मोठी वाटंल, त्यो देव माझ्या बापानं बसवलाच नसता."

त्यांनी टोपी काढून ठेवली, गुडघे टेकले, आणि हाताने माती ओढू लागले. कुदळ दिली तर घेतली नाही. देवाला लोखंड लावणार कोण? माती नखांत गेली, कोपरापर्यंत गेली. अर्ध्या तासाने तो दगड बाहेर आला. शेंदूर अजून ओला वाटावा इतका ताजा. रावजींनी तो उपरण्यात घेतला, तान्हे मूल घ्यावे तसा छातीशी धरला, आणि उभे राहून चंदरशेठकडे वळले.

"माझा देव मी काढला, शेठ. आता तुमचे दगड तुम्ही काढा."

वेदिकांनी गड्याच्या हातातून सळई स्वतःच्या हाती घेतली आणि डावीकडे गेल्या. पहिल्यांदा खुपसली: टण. दोन पावले पुढे: टण. पुन्हा: टण, टण, टण. बांध होता की घंटा, हे समजेना. सातव्यानंतर त्यांनी सळई जमिनीत रोवली.

"डावा भाग पूर्ण उतरवा. चाचणी पुढे जाईल."

"मॅडम, वरती उत्तर कोण देणार?"

"मी देईन. माझ्या सहीने या बांधावर गोळी सुटणार आहे. आणि माती या बाबांच्या हाताखालून जाईल, नाहीतर मी सही करणार नाही."

रावजी कामावर परतले, पण आपली अट घालून. चाळणीवर पाड्यातल्या बायका बसतील. ज्यांच्या पाठीला धोका, त्यांच्या हाताला चाळण. चंदरशेठ कुरकुरले आणि मानले. एकवीस दिवस फुलाबाई, शेजारच्या कलाबाई आणि आणखी सात जणींनी डोंगराएवढी माती चाळली. चाळता चाळता त्यांनी चंदरशेठवर अशी अशी गाणी रचली, की तो बिचारा दुपारी रेंजकडे फिरकेनासा झाला. शेवटी तोच एकदा रावजींकडे आला. म्हणाला, तुमच्या देवाला बाहेर सिमेंटचा ओटा बांधून देतो, वर आमच्या कंपनीची पाटी.

"ओटा नको," रावजी म्हणाले. "पाटी तर नकोच. मातीतून उठलाय, मातीवरच बसंल."

देव बसला बांधाच्या पाठीमागे, वाटेच्या कडेला, एका उंबराखाली. आत बसून जो चुकीच्या जागी राखत होता, तो आता उघड्यावर, बायकांच्या चालण्याच्या रेषेवर राखू लागला. देव हलला म्हणून कोपला का? बांध फुटला का? त्यानंतर एक वळीव होऊन गेला. मातीचा कणही सरकला नाही.

चैत्रात पहिली गोळीबाराची चाचणी झाली. तेवढा वेळ वाट बंद होती, आणि झऱ्याशी बायका हंडे भरून उभ्या होत्या. रावजींना पाहुण्यांत खुर्ची दिली होती. ते बसले नाहीत. नेमबाजांच्या रांगेमागे वहाणा काढून उभे राहिले, डोळे मिटून. गोळी सुटली. थप. दुसरी. थप. शंभर गोळ्या झाल्या आणि शंभर वेळा मातीने एकच शब्द उच्चारला. वेदिकांनी त्यांच्याकडे पाहिले. रावजींनी मान हलवली. मग वाट बंद असल्याचे लाल निशाण उतरले.

ते बांधाला वळसा घालून मागे गेले आणि हाक मारली, "या गं!"

पहिल्या फुलाबाई आल्या. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, चाल तीच, घाई नाही, वाकडे पाऊल नाही. उंबराखाली थांबून त्यांनी कळशीतले ओंजळभर पाणी देवावर घातले आणि नवऱ्याकडे पाहिले.

"काय वाजलं का आत?"

"नाय."

"मग हंडा धरा. महिनाभर बांधावर बसून खाल्लंय, आता घरापोत्तर पाणी न्या."

रावजींनी हंडा घेतला. बांधाच्या दुसऱ्या बाजूला मुले पुन्हा नेम धरू लागली होती. ते ऐकत ऐकत, अनवाणी, त्याच वाटेने घरी निघाले.