काढ्यात आणखी काय होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलीला नाही. बोलायला मी पहिल्यापासून कच्ची — आणि लिहायला चौथीपर्यंतचीच. तरी वहीत लिहिते आहे. तुम्ही समोर बसला आहात असं धरून.

पुण्याजवळ मांजरी गावाच्या पुढे एका कंपनीत मी पॅकिंगला होते. कंपनीची बस सकाळी सव्वासहाला बिबवेवाडीहून निघायची. अजून त्या वेळेला जाग येते मला. हडपसर मागे पडलं की उसाची शेतं लागायची, खिडकीतून गार वारा यायचा आणि बायकांच्या गप्पा रंगायच्या. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, गप्प. पण माझ्याजवळ थर्मास असायचा. आलं, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध घालून केलेला काढा — झाकणात ओतून एकेकीला द्यायचे. माझ्याशेजारी बसणारी लता म्हणायची, हिला तोंड नाही, पण हाताला गुण आहे. पुण्याची ती, कौतुकही चिमटा काढून करायची. मला ते आवडायचं. फार आवडायचं — हे आधीच सांगून ठेवते.

ड्रायव्हर दिवाकर, यवतमाळकडचा. बायको आणि लहान मुलीला गावी ठेवून आलेला. मला मावशी म्हणायचा. काढा पिऊन झाला की रोज म्हणायचा, मावशी, गाडीले पण पाजा थोडा, लय खोकते.

एका थंडीत त्यालाच खोकला लागला. आठवडाभर काढा घेतला, खोकला जाईना. बायका हसायला लागल्या — मावशीच्या हाताचा गुण संपला म्हणाल्या. थट्टाच ती. पण मला लागली.

घरी यांच्या खोकल्याची बाटली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली, अर्धी उरलेली. दिवाकरचा काढा मी वेगळ्या बाटलीत भरला आणि त्यात दोन झाकणं ते औषध ओतलं. त्याला एवढंच म्हटलं की आज जरा कडक केलाय. औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलं होतं, ते मला वाचता येत नव्हतं. पण विचारता येत होतं ना? यांना, नाहीतर औषधाच्या दुकानात? रोज बस चालवणारा माणूस तो. तरी तीन दिवस ओतलं.

खोकला थांबला. दिवाकर सगळ्या बसला सांगत सुटला — हा मावशींच्या काढ्याचा गुण. लताही मान हलवून हो म्हणाली. आणि मी? मी खाली बघून हसले.

त्याच आठवड्यात ड्रायव्हर लोकांची तपासणी आली. कुणी नशा करतं का ते बघायला कंपनी अधूनमधून लघवी तपासायची. दिवाकरच्या तपासणीत अफूच्या जातीचं काहीतरी निघालं. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध घेतलं होतंस का? तो म्हणाला, औषध नाही, फक्त मावशींचा काढा.

मला ऑफिसात बोलावलं. दिवाकर भिंतीला टेकून उभा होता. कंपनीचे डॉक्टर सज्जन होते, त्यांनी मला सावकाश समजावलं. खोकल्याच्या काही औषधांत असा अंश असतो, साधं दुकानातलं औषध असलं तरी तपासणीत तो नशेसारखाच दिसतो. तसं काही पोटात गेलं असेल तर बाटली आणि चिठ्ठी आणा, निकालाचा पुन्हा विचार करता येईल. बाटली घरी खिडकीत होती. चिठ्ठी कपाटात, साड्यांखाली.

"काढ्यात आणखी काही होतं का, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही साहेब. आलं, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध. बाकी काही नाही."

इतकं सलग मी त्या ऑफिसात कधी बोलले नव्हते.

नोकरी जाईल म्हणून घाबरले, असं लिहिलं तर तुम्हाला पटेल. मलाही बरं वाटेल. पण त्या क्षणी मला नोकरी आठवलीच नाही. मला बस आठवली. गुण काढ्याचा नव्हताच हे लताला कळेल — एवढंच मनात आलं. एवढ्याशासाठी? हो. एवढ्याशासाठी.

त्याला काढून टाकलं. नशेचा शेरा पडलेला, म्हणून दुसऱ्या कुठल्या कंपनीनंही गाडी हातात दिली नाही. गावी जायच्या दिवशी सकाळी तो आमच्या थांब्यावर आला. बस सुटायला आली होती, नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, आता हा विचारणार.

"मावशी, माह्यापायी तुमाले ऑफिसात उभं राहावं लागलं," तो म्हणाला. "मी तुमचं नाव घ्यायले नको होतं. माफ करा."

माझा एक पाय बसच्या पायरीवर होता. दुसरा अजून खाली होता. म्हणजे वेळ होता.

मी म्हटलं, "असू दे."

माफी त्यानं मागितली. आणि ती मी दिली.