पाट्याखालचे मासे

माझ्या नातवंडांनो,

तुम्ही पाठवलेली कॅसेट मी दोनदा पाहिली. घरातल्या काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी, त्यात पोवळ्यांची बाग, आणि ती बाग रोज उकरणारा, दगड ढकलणारा, वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडवणारा तुमचा तो खोडकर मासा. तुम्ही सगळे हसताना ऐकू येता. मी मात्र खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. शेवटी शेवटी तुमची धाकटी बहीण टाकीच्या खाली रांगताना दिसते. टाकीवर झाकण दिसत नाही. म्हणून हे आजच लिहायला बसले. तुमचे बाबा तिच्याच वयाचे होते तेव्हा आमच्या घरातही मासे होते.

आम्ही तेव्हा अमरावतीला, राजापेठेत राहत होतो. तुमचे आजोबा कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. एका शनिवारी त्यांनी बादलीतून दोन शिंग्या घरी आणल्या. शिंगी म्हणजे काळा, बिनखवल्यांचा, मिशा असलेला मासा. त्याच्या दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो, आणि काट्यात विष. सोमवारी विद्यार्थ्यांपुढे त्या चिरायच्या होत्या. रविवारभर त्या जिवंत राहाव्यात, एवढंच आम्हाला सांभाळायचं होतं.

पण माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या होत्या. जीवहिंसा करणार नाही, हे त्यांनी तोंडाने म्हटलं आणि मनानेही धरलं. आमच्या घरात जिवंत मासा येणं त्या दिवसापासून बंद झालं होतं. सुका बोंबील चालत असे, कारण तो आधीच मेलेला येतो, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी सकाळी त्या बादलीपुढे बसून राहिल्या.

"माय, यांना चिरायचाच मला पगार मिळतो," आजोबा म्हणाले.

"कॉलेजातलं कॉलेजात कर. घरात आलेलं जित्तं मी मराले नाही धाडत."

त्या दिवशी विद्यार्थ्यांनी बेडूक चिरले. आजोबांनी लोखंडी चौकटीत काचा बसवून टाकी केली, नदीतले दगड रचून कपारी केल्या, पाणवनस्पती लावल्या. शिंग्यांनी दोन दिवसांत वनस्पती उपटल्या आणि दगड पाडले. शोभेसाठी आणलेले तीन छोटे मासे सकाळी दिसलेच नाहीत. दुपारी घर शांत झालं की टाकीतून धप्प असा आवाज येई. त्या डोक्याने वरची झाकणाची फळी ढकलून पाहत. एकीची मिशी तुटलेली होती, ती जास्त खोडकर. आत्याबाई मला म्हणत, "हिले तुह्यासारखंच घरात बसवत नाही."

मी हसत असे, पण भीत होते. प्रयोगशाळेतल्या शिपायाला एकदा शिंगी टोचली होती. त्याचा हात कोपरापर्यंत सुजला आणि दोन दिवस तो तापाने पडून होता. तो धट्टाकट्टा माणूस. माझं बाळ नुकतं पालथं पडायला लागलं होतं.

एका सकाळी तुटक्या मिशीची शिंगी मोरीत सापडली, जिवंत. टाकीपासून मोरीपर्यंत ती सरपटत गेली होती. हा मासा हवेतही श्वास घेतो, ओल मिळाली की तासन्‌तास जगतो, असं आजोबांनी मला समजावलं. माझं मन शांत व्हावं म्हणून त्यांनी ते सांगितलं होतं. त्यानंतर मी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी वाकून पाहू लागले.

त्यांना तलावात सोडू या, असं मी आत्याबाईंना विनवलं. त्या लगेच तयार झाल्या. आम्ही दोघी बादली घेऊन वडाळीच्या तलावावर गेलो. काठावर माणसं गळ टाकून बसलेली. आत्याबाईंनी एकेकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तं त्यायच्या हातात देणं झालं." बादली तशीच परत आली.

मग आजोबांची नोकरी अकोल्याला लागली. बडनेऱ्याहून गाडीत दुधाच्या डब्यात शिंग्या आणि माझ्या मांडीवर बाळ. अकोला येईपर्यंत मी बाकावर पाय वर घेऊन बसले होते.

जठारपेठेतल्या घरात समोरच्या खोलीत टाकी ठेवली. फळी प्रवासात फुटली होती, म्हणून वर लोखंडी जाळी टाकून ती सुतळीने बांधली. अकोल्याचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. मागच्या दाराला वाळ्याची ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं, फरशीवरही बादलीभर पाणी ओतायचं आणि खिडक्या लावून अंधार करायचा. बाळाला घामोळं आलं होतं, म्हणून मी जास्तच पाणी ओतत असे. ताटीखाली पाण्याचं लहानसं थारोळं साचे. टाकीपासून तिथवर सगळी फरशी ओली असे, आणि ती वाट मीच रोज करून ठेवते आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरातून आले तर जाळीचा एक कोपरा वर झालेला होता. टाकीत एकच शिंगी होती. मी पलंगाखाली पाहिलं, ट्रंकांमागे पाहिलं. मग ताटीकडून फटफट आवाज आला. बाळ थारोळ्याशी बसून पाण्यावर हात मारत होतं. शेजारी आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. बाळाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पाण्यात काळं काहीतरी वळवळलं.

ओरडले तर बाळ दचकून पुढे पडेल असं वाटलं. मी हळूच म्हणाले, "आत्याबाई, बाळाच्या हाताजवळ पहा."

त्यांनी पाहिलं. बाळाचा हात वर गेला होता. त्यांनी आपला पंजा शिंगीवर ठेवला आणि बाळाचा हात त्यांच्या मनगटावर पडला. दुसऱ्या हाताने त्यांनी त्याला माझ्याकडे ढकललं. त्या ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पार काळवंडला. मी बाळाचे हात, पाय, बोटं सगळं तपासलं, पुन्हा पहिल्यापासून तपासलं. कुठे काही नव्हतं. शिंगी फरशीवर तडफडत होती. मी आत्याबाईंचा हात धरायला गेले तर त्यांनी मला थांबवलं.

"आधी तिले पाण्यात टाक. मंग मले पाह्य."

बाळाला पलंगावर ठेवून मी सुपलीने ती उचलली आणि टाकीत सोडली. घाईत सुपलीही टाकीत पडली. मग मी पाणी तापवलं, त्यांचा हात त्यात धरला, शेजाऱ्यांना डॉक्टरांकडे धाडलं. इंजेक्शन झालं तरी त्या अंधार पडेपर्यंत कण्हत होत्या. हात सुजून दुप्पट झाला. शिपायाचं मला सारखं आठवत होतं, आणि त्या पंजाच्या जागी बाळाचा पंजा दिसत होता.

आजोबा आले, त्यांनी हात पाहिला आणि दोन्ही शिंग्या उद्याच कॉलेजात नेतो म्हणाले. मला ते हवंच होतं.

"नाही," आत्याबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "तिनं काय केलं? तिच्यावर हात पडला, तिनं टोचलं. माहा पाटा आण."

त्यांचा मसाल्याचा दगडी पाटा माहेरून आलेला होता. तो त्या कुणाला हलवूसुद्धा देत नसत. आजोबांनी तो दोन्ही हातांनी उचलून जाळीवर आडवा ठेवला. पुढे हात बरा झाला, फक्त करंगळी सरळ होईना. पाटा त्यांनी परत मागितला नाही. घरातला मसाला त्यानंतर खलबत्त्यात कुटला गेला.

शिंग्या आणखी चार उन्हाळे जगल्या. दुपारी पाट्याखालून धडक ऐकू येई आणि मी बाळाला कडेवर घेई. बाळ शाळेत जाऊ लागलं तरी घेई, आणि ते रागावे.

तुमच्या टाकीला झाकण करून घ्या. वजनदार करा.

आमच्या टाकीच्या काचा फुटल्या, चौकट भंगारात गेली. पाटा माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा असतो, आणि त्याच्या खालच्या बाजूला जाळीच्या गंजाचे चौकोन अजून आहेत.