आबाचं इमान

सांगलीत मी शिकवतो ती शाळा सुटता सुटता कोरेगावाहून तार आली, आबा गेला. खरं सांगतो, मी आधी चिडलोच. वाद अर्धा टाकून हा असा कसा गेला? महिना उलटला, पण मनातल्या मनात मी अजून त्याच्याशी भांडतोच आहे...

आबा माझा मावसभाऊ. ब्रह्मदेशच्या लढाईवरून लंगडत परतला आणि विमानाला अखेरपर्यंत 'इमान'च म्हणत राहिला. यंदा दिवाळीत मी मोठ्या हौसेनं वर्तमानपत्र वाचून दाखवलं, सरकार नवी जेट लढाऊ विमानं घेणार म्हणून. आबाचा एकुलता एक मुलगा शंकर हवाईदलात निवडला गेला होता. त्याला तसलंच विमान चालवायचं होतं. आबा उसळला. "लय म्हागाचं, लय जोरात पळनारं! झाडीत लपल्याला मानूस दिसतुय व्हय त्याला? आमच्याच बाजूचं एक इमान आमाला दुश्मन समजून गोळ्या झाडून गेलं. आपल्या गावचा सदा माज्या शेजारीच पडला. आमाला जगवलं ते सावकास येऊन तांदूळ टाकनाऱ्या इमानांनी."

"आणि शत्रूचं विमान आलं, तर त्याला तांदळाची पोती फेकून मारणार का?" मी विचारलं.

आबा हसला. मग हसू ओसरलं. "त्ये बी खरं हाय गड्या. पर त्या इमानात माजंच पोरगं कशापायी?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि वाद तिथंच राहिला. पुढे जंगलातून आणलेला हिवताप उलटला आणि शंकरला 'जा' न म्हणताच आबा गेला. आता शंकर मला विचारतो, "काका, आबा जा म्हनलं आसतं का वो?" देशाला ही विमानं हवीत, असं मी अजूनही मानतो. पण त्या पोराकडे पाहिलं की मी पिकापाण्याचं काढतो.

आबाची एक खोड होती. विमानाचा आवाज आला की गाव वर बघत धावायचं, आणि हा, वरून दिसू नये म्हणून, डोक्याचा पांढरा पटका काखेत मारून बैल आंब्याखाली ओढायचा. सगळ्यांत जास्त हसायचा तो शंकर. परवा कोरेगावात शंकरसोबत मळ्यात बसलो असताना वरून विमान गेलं. शंकरनं पांढरी टोपी काढून काखेत मारली, बैल आंब्याखाली नेले आणि तिथेच उभा राहिला.

"आपलंच हाय न्हवं, काका?"

"आपलंच," मी म्हणालो.

आवाज विरला, तरी तो सावलीतून बाहेर येईना.