पाहुण्यासारखं मागणं

दूर दक्षिणेतल्या डोंगग्वान शहरात, कारखान्यात वर्षभर बुटांना तळवे चिकटवून रुइफांग नववर्षाच्या सुट्टीला हनानमधल्या गावी आली, ती पार पिळून निघालेली. नवरा जादा पगारासाठी तिकडेच थांबला होता. वाटभर जिवाला एकच घोर, लेक ओळखेल ना?

ओळखलं की! साडेतीन वर्षांच्या श्याओमाननं दोन्ही हात पुढे केले, मान लववली आणि ती म्हणाली, "आई, कृपा करून मला एक बोर द्याल का?"

द्याल का! रुइफांग बोर द्यायचंच विसरली. घरच्या माणसाशी असं कोण बोलतं? कृपा नि आभार असतात ते पाहुण्यांसाठी.

"महिनाभर घोटून घेतलंय," सासूबाई फुशारल्या. "आईचा मान नको राखायला?"

"मान पाहुण्यांचा राखतात हो, आई," रुइफांग म्हणाली.

"मग तू कोण? वर्षातून एकदा तोंड दाखवतेस." बोलून गेल्या खऱ्या, मग पीठ जोरजोरात मळू लागल्या.

आजीवर मात्र पोरीची नुसती हुकमत. "आजी, पाणी! आजी, नाक!" आणि म्हातारी "आले गं भवाने" करत धावायची. रुइफांगला हेवा वाटे. स्वतःच्या सासूचा, नाक पुसण्यावरून! तिनं लेकीला नवं जाकीट घातलं, मिठाई भरवली, विनवून पाहिलं, "मला नुसतं 'दे' म्हण ना गं."

"आजी रागावेल," पोर म्हणाली.

सुट्टी अशीच सरली. निघायच्या सकाळी गाडीवाला दाराशी भोंगा वाजवत होता, पिशवी खांद्यावर होती, तेवढ्यात परसातून खणखणीत आवाज आला, "आई! शी झाली! पूस!"

सासूबाई सवयीनं उठल्या आणि थबकल्या. "तुला हाक मारलीय. जा."

पिशवी टाकून रुइफांग धावली. पुसलं, थंडीसाठी विजारीवर विजार चढवली. पोर आभारबिभार न मानता तुरुतुरु निघून गेली. रुइफांगला हसू फुटलं. मग गाडीत बसल्यावर हसूच जाईना, आणि रडूही थांबेना. पाहुणी म्हणून निघणं किती सोपं गेलं असतं!

गाडी हलली. मागून उंबऱ्यावरून पोरीचा आवाज आला, "आई, मला बूट घाल!"

"आले गं, आले," सासूबाई म्हणाल्या.