दहा महिने दहा दिवस

फलटणहून सुटलेली एसटी भिवंडीत शिरली तेव्हा दुपार झाली होती. निवृत्त झाल्यापासून जो तो मला विचारतो, बाई, आता कुठं काशी-रामेश्वर? मी गोठे बघत फिरते, म्हटलं की माणसं हसतात. हसोत बापडी. माझी उभी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेली. फळ्यावर हत्तिणीचे बावीस महिने आणि उंदरिणीचे तीन आठवडे दरवर्षी लिहिले, पण स्वतः एकही जनावर विताना पाहिलं नव्हतं. राहिलेला तो धडा आता पुरा करत होते.

या खेपेला बोलावणं हिराबाईंचं होतं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंची ही मावशी, अंबाडीजवळच्या गावात राहणारी. तिची म्हैस व्यायला आली होती.

धामणकर नाक्यावर उतरले आणि पहिली काही मिनिटं मला काही ऐकूच येईना. दोन्ही बाजूंच्या गाळ्यांतून यंत्रमागांची खडखड, मधून रिक्षांचे भोंगे, आणि त्या सगळ्यात एका गाळ्याच्या पायरीला बांधलेली गाभण बकरी निवांत रवंथ करत उभी. मी थांबले. शिफ्ट संपवून बाहेर बसलेल्या कामगाराला माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, हिला कितवा महिना?

"चौथा पूरा हुआ. पाँच में ब्याएगी, मैडम. बकरी का हिसाब सीधा है." (पाचव्यात विणार, बकरीचा हिशेब सरळ असतो.)

त्याला मुलंबाळं किती, विचारलं. गावाकडे एक मुलगी झालीय म्हणाला, पण "हमको तो फोन पे मालूम पड़ा." हे तो हसत म्हणाला, पण मला काही हसू आलं नाही. तेवढ्यात बकरीनं माझ्या पिशवीतलं केळं सालीसकट ओढलं आणि आम्हा दोघांना बोलायला दुसरा विषय मिळाला.

अंबाडीची म्हणून मी ज्या जीपमध्ये बसले ती पडघ्याची निघाली. गावाबाहेर उतरून परत मागे यावं लागलं. चूक माझीच, विचारण्याआधी चढायची सवय जात नाही.

दुसऱ्या जीपनं वाडा गावाकडच्या रस्त्याला लागले, तरी शहर लवकर मागे पडत नाही. लांबच लांब गोदामं, त्यांचे पत्रे उन्हात डोळ्यांवर येणारे, दारात ट्रेलर उभे. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं आपणहून सांगितलं, "राहनाल गावाकडं तं शेतच ऱ्हायलं न्हाय. आता गोदामवाले हिकडं येतान." मग हळूहळू भाताची रिकामी खाचरं दिसू लागली. शिमगा होऊन गेला होता आणि जागोजागी राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून भाजलेली जमीन) धुमसत होते. धुराचा तो वास मला आवडला. आमच्याकडे तो नाही.

मी पोहोचले तेव्हा म्हैस दोन दिवसांपूर्वीच व्याली होती. गोठ्यात काळंभोर पारडू आईला ढुशा देत होतं. हिराबाई, साठीची, अंगानं काटक बाई, माझा पडलेला चेहरा बघून म्हणाल्या, "म्हस कुनासाठी थांबते काय? या, हात धुवा."

घरात दोघीच होत्या, हिराबाई आणि त्यांची सून वनिता. वनिताचे दिवस भरले होते. पोट खाली उतरलं होतं, चालताना एक हात कमरेवर. कपाळ मोकळं होतं. मी काही विचारलं नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. वाढता वाढता हिराबाई म्हणाल्या, "पोर माजा टेम्पोवर व्हता. वैशाखात गेला. आक्सिडन झाला."

दुःख वाटलंच, पण शिक्षकाचं डोकं वाईट असतं, ते त्याच वेळी वैशाखापासून फाल्गुनापर्यंत महिने मोजत होतं. दहा महिने उलटून गेले होते. बाईमाणसाचे नऊ महिने नऊ दिवस कसेही ताणले तरी इथवर येत नव्हते.

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं म्हशीचं दावं वलांडलं, बाई. नुकते दिस गेले व्हते, आन् म्हस पन तवाच गाभन. गाभन म्हशीचं दावं वलांडलं का बाई म्हशीसारकी चालते, दहा महिने दहा दिस, वर चार दिस. म्हस मोकली झाली, आता ही पन व्हईल."

अशा समजुती ऐकल्या की माझ्यातली बाई खुर्चीवरून उठते. मी समजावायला सुरुवात केली. म्हटलं, हिराबाई, दाव्यानं काही होत नाही. ज्याचं त्याचं पोटातलं वेळापत्रक वेगळं. तुमचं पारडू जन्मल्या दिवशी पायावर उभं राहतं, कारण जंगलात त्याला वाघापासून पळायचं असतं. म्हणून म्हैस त्याला पोटात पुरतं तयार करते. मांजरीला बिळासारखा कोपरा मिळतो, ती दोन महिन्यांत आंधळी पिल्लं टाकून मोकळी होते. गाढवीण वर्षभर वागवते. आणि माणसाचं डोकं मोठं. आणखी थांबलं तर ते वाटेतून बाहेरच येणार नाही, म्हणून आपण मूल अर्धंकच्चं जन्माला घालतो आणि वर्षभर कडेवर वाढवतो. बाई आठ-पंधरा दिवस पुढे जाते. महिना-महिना नाही.

मी हे सगळं सरळ, मोठ्या आवाजात, वर्गात सांगतात तसं सांगितलं. वनिता आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी भांडी गोळा करत होती. तिचे हात थांबले.

हिराबाईंनी माझ्या पानात आणखी एक भाकरी ठेवली. "तुमी शिकलेल्या हाव, बाई. खरंच असंल. पन ह्ये भावकीत बोलू नका."

तेव्हा मला कळलं. त्यांचा दाव्यावर विश्वास असेल किंवा नसेल, पण मोजता त्यांनाही येत होतं. माझ्या आधी, एकट्यानं, पुन्हा पुन्हा त्यांनी मोजलं असणार. मूल कुणाचं ते मी त्या घरात विचारलं नाही, आजही मला ठाऊक नाही. मला माझीच लाज वाटली.

सकाळी वनिताला कळा सुरू झाल्या. जीप बोलवायला माणूस गेला. तेवढ्यात अंगणात चार-पाच जण येऊन उभे राहिले. पुढे काशिनाथ, हिराबाईंचा पुतण्या, आणि बरोबर भावकीतले म्हातारे. हिराबाईंचं रस्त्यालगतचं शेत गोदामवाल्यांच्या नजरेत होतं, हे मी आदल्या दिवशीच ऐकलं होतं. मुलग्यामागे त्यावर वनिताचं आणि येणाऱ्या मुलाचं नाव लागणार होतं. मूल हिराबाईंच्या मुलाचं नाही असं ठरलं, तर भावकी वनिताला माहेरी धाडणार होती आणि हिराबाईंना शेत पुतण्याच्या हवाली करायला लावणार होती.

काशिनाथ उद्धट नव्हता. नमस्कार करून म्हणाला, "बाई, तुमी शालेत जनावरांचं शिकवायच्या म्हनं. काकी म्हनते दावं वलांडलं. आमाला काय कलत न्हाय. तुमीच सांगा, बाईमानूस म्हशीवानी दहा महिने वर चालतं काय?"

आतून वनिताचं कण्हणं ऐकू येत होतं. हिराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या राबाकडे बघत राहिल्या.

चुकीच्या उत्तराला मी कधी अर्धा गुण दिला नाही. पोरं मला त्यावरून नावं ठेवायची.

"चालतं," मी म्हणाले. "दाव्याचं मला माहीत नाही. पण दहा महिने उलटून गेलेली बाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. मूल थेट बापाच्या तोंडवळ्याचं झालं."

इतकं सफाईदार खोटं मी जन्मात बोलले नव्हते. तोंडवळ्याचं तर कुणी विचारलंही नव्हतं.

म्हाताऱ्यांपैकी एकानं मान डोलावली. "मंग झालं. बाई शिकलेली हाय, तिला काय पडलंय खोटं बोलायचं?" काशिनाथला पटलं नव्हतं, पण चार माणसांत शिकलेल्या बाईचा शब्द कसा मोडणार? जीप आली तेव्हा वनिताला धरून बसवायला तोच पुढे झाला.

अंबाडीच्या दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. नर्सनं तिला पुसून वजन केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "छान आहे हो! पुढं गेलेलं बाळ नाही हे, अगदी वेळेवर आलंय." काशिनाथ बाहेर टपरीवर चहा घेत होता. हिराबाईंनी उठून दार लोटून घेतलं.

वनितानं माझा हात धरला. मी म्हटलं, आता झोप. मुलीला दूध लागेल.

मी निघाले तेव्हा हिराबाई नाक्यापर्यंत सोडायला आल्या. एवढा वेळ दाबून ठेवलेलं मी शेवटी बोलून टाकलं, "हिराबाई, तुम्हाला राग नाही आला तिचा?"

"आला व्हता ना. लय आला व्हता. दोन दिस जेवले न्हाय." थोडं चालून गेल्यावर त्या म्हणाल्या, "मंग गोठ्यात बसलेले. म्हस कंच्या रेड्याला लागली ते कोन विचारतं, बाई? पारडू आपल्या गोठ्यात झालं, ते आपलं. पोर माजा गेला. ही पन गेली असती तं मी कुनाला भाकरी वाडली असती?"

बाईला असं म्हशीच्या रांगेत दुसऱ्या कुणी बसवलं असतं तर मी भांडले असते. त्यांच्याशी मला भांडता आलं नाही.

परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत मी तेच घोकत होते. खरं तर हिराबाई म्हशीबद्दल चुकत होत्या. गोठ्यात झालेलं पारडू आपलं, हा हिशेब मालकाचा, म्हशीचा नाही. म्हैस पारडू हुंगते, वास ओळखते, आणि परकं असेल तर लाथ मारून दूर करते. शेळी, मेंढी, घोडी, सगळ्या तशाच, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. किती महिने पोटात वागवायचं ते प्रत्येकीला निसर्गानं ठरवून दिलंय. पण पोटात कधी न वागवलेलं, आपल्या रक्ताचं नाही हे नीट मोजून कळलेलं मूल समजून-उमजून पदराखाली घेणारी मला अंबाडीजवळच्या त्या घरात दिसली. तिच्यासाठी मी खोटं बोलले, आणि पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.