पेन्सिलीने भरलेले अर्ज

वसंता गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॉलेजांची यादीच करत होतो. फोन ठेवला आणि... पुढचा भागाकार पूर्ण केला. दीड महिना झाला, पण ते काही मनातून जात नाही.

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. मानोऱ्याजवळच्या मुलींच्या एका लहान कॉलेजात प्रवेशाचं काम बघायचा. मी वाशिमला पेपरात. ‘कुठे प्रवेश मिळणं सर्वांत अवघड’ अशी यादी मी दर उन्हाळ्यात छापायचो. आलेल्या अर्जांना जागांनी भागायचं. आकडा मोठा तितकं कॉलेज वर. वर ते चांगलं, असं वाचक धरून चालत, आणि मीही त्यांना चालू देत असे. वसंताचं कॉलेज कायम तळाला. तो प्रत्येक मुलीला समोर बसवून आधी पेन्सिलीने अर्ज भरून घ्यायचा. तिला तो विषय झेपणार नसेल, तर खोडून योग्य जागी धाडायचा. शाईने लिहिला तोच अर्ज, आणि त्याला प्रवेश ठरलेला; म्हणून त्याच्याकडे अर्ज जागांपेक्षा जास्त कधी होत नसत. शहरात मात्र एकच मुलगी पाच कॉलेजांत अर्ज टाकी आणि माझ्या यादीत पाचदा मोजली जाई.

“कागद मोजून राह्यला तू, अरुण,” तो म्हणाला होता. “पोरी मोज ना! हिशोब कसा केला, थ्या चार ओळी तरी खाली टाक.”

मी हो म्हणालो. मग जागा नाही म्हणून कापल्या. खरं सांगतो, जागा होती. त्या ओळींनी यादीची मजा गेली असती.

तांड्यांवरचे बाप पेपर घेऊन त्याच्याकडे येऊ लागले, “तळाच्या कॉलेजात पोरगी कायले टाकू?” शहरात ठेवणं त्यांना परवडत नव्हतं. मुली घरीच बसल्या, विज्ञानाची तुकडी बंद पडली. शेवटचा भेटला तो एसटी स्टँडवर. भांडला असता तर बरं झालं असतं. “यंदा तरी टाकजो,” एवढंच बोलला.

तेरवीनंतर कॉलेजातल्या त्याच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. माझ्या सगळ्या याद्यांची कात्रणं, आणि प्रत्येकीखाली त्याच्या अक्षरात पेन्सिलीने त्याच चार ओळी...

यंदा मी त्या छापल्या. कात्रण घेऊन गेलो, ड्रॉवरमध्ये ठेवलं. पेन्सिल तिथेच होती, टोक केलेली. समोरच्या विज्ञानाच्या वर्गाला कुलूप होतं.